रुमालावरनं नाडी

तुमी तयारीत बसला असाल. आता ह्यो पाणवठ्याचं सांगणार, शाळेत दाराबाहेर बसवलं ते सांगणार, आनि मग आपुन रुमाल काढून डोळं पुसायचं. तर रुमाल खिशात ठेवा. माझ्या गोष्टीत पाणवठा न्हाई. शाळेत मला पहिल्याच बाकावर बसवत व्हते, कारण मागं बसलो की मास्तरांच्या नकला करायचो. माझा अपमान झाला तवा माझ्या अंगात टेरिकॉटचा शर्ट व्हता, गळ्यात स्टेथोस्कोप व्हता आनि पोटात पुरणपोळी व्हती. अर्धी.

रुमाल मात्र व्हता. पांढरा, इस्त्रीचा, चेअरमनच्या खिशातला. त्येंनी त्यो काढला, झटकला, आनि आपल्या आजारी आईच्या मनगटावर नीट पसरला. मग मला म्हणले,

"हं डॉक्टर. आता बघा नाडी. ह्याच्यावरनं."

मी मिरजेत डाक्टर झालो. एम.डी., मेडिसिन. नाडी बघायला मला ज्या हातांनी शिकवलं त्या हातांनी मधी कवा कापड घातलं न्हाई.

गाव कुठलं ते सांगत न्हाई. सातारा आनि सांगलीच्या मधी कुठंतरी. चहूकडनं ऊस, मधी तालुक्याची कचेरी आनि एक ट्रस्टचं हॉस्पिटल. इमारत झकास. खाटा, एक्स-रे, सगळं व्हतं. फिजिशियन तेवढा नव्हता. आधीचा पुण्याला पळाला व्हता. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्सं झाली व्हती, पोटापुरतं पिकत व्हतं, पण डाक्टर काय शेतात उगवत न्हाई. त्येंनी पेपरात जाहिरात दिली. माझ्या बरोबरीच्या पोरांनी ती वाचली आनि पान उलटलं. खेड्यात कोण मरायला जातंय.

मला मात्र तीच नोकरी पायजे व्हती. विट्याकडचं आमचं गाव तिथनं एका एसटीवर. माझे वडील, आबा, पलटणीतनं हवालदार हून आलेला माणूस, पण गुडघं गेलं व्हतं. त्येंना संगं घिऊन हॉस्पिटलच्या क्वार्टरात ऱ्हायचं, असं माझं चाललं व्हतं. आनि दुसरं म्हंजे, आमच्या भागातली माणसं मिरजेला आणताना वाटंतच गार झालेली मी कॅज्युअल्टीत लय बघितली व्हती. म्हणलं, वाटंतच बसावं आपुन.

अर्ज एकट्या माझाच आला.

मुलाखतीला चेअरमन, सेक्रेटरी म्हणून एक वकील, आनि कोपऱ्यात डुलक्या घेणारं एक म्हातारं ट्रस्टी. मी हार्ट फेल्युअर पाठ करून गेलो व्हतो. विचारलं काय?

"गाव कुठलं?"

सांगितलं.

"वडील काय करतात?"

"पलटणीत व्हते. हवालदार."

"वा. म्हणजे शिपाईगड्याचं घराणं."

झाली मुलाखत. आमच्याकडं सोयरीक असू दे न्हाईतर नोकरी, परीक्षा एकच. कुठलं, कुणाच्यातलं, पाव्हणं कोण. आनि माझं आडनाव असं की मराठ्यांतबी हाय आनि आमच्यातबी हाय. आमचं घर छप्पन सालापास्नं बौद्ध. देव गेलं, गावाच्या वेशीची राखण, ती येसकरकी गेली, आडनाव तेच ऱ्हायलं. त्येंनी आडनाव ऐकलं, पलटण ऐकली आनि मनात जुळवून टाकलं. जात कुणी विचारलीच न्हाई. आपल्यातल्याला कोण जात विचारतंय.

मी तवा दुसऱ्याच कामात व्हतो. चेअरमनचा आवाज उचलत व्हतो. माझी खोडच हाय ती. त्येंचं कसं, आधी घसा खाकरायचा, मग बोटातली अंगठी गरागरा फिरवायची, आनि मग म्हणायचं, "काय आहे, डॉक्टर." दम देताना तेच, कौतुक करताना तेच. बघता बघता त्यो माणूस माझ्या गळ्यात येऊन बसला.

"जेवायला घरीच चला," चेअरमन म्हणले. "आईसाहेबांना दम लागतोय सारखा. त्यांनाही दाखवतो."

घर हॉस्पिटलच्या समोरच. आईसाहेब आतल्या खोलीत पलंगावर. पायावर सूज, उशीला टेकून बसलेल्या, बोलताना धाप. मी वाकून पाया पडलो. त्येंनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

"हात गार हाय रं पोराचा," म्हणल्या. "डाक्टरचा हात असाच असावा. आधी जेव जा. मी कुठं पळून जात न्हाई."

ह्यो हात ध्यानात ठेवा. तोच हात व्हता. नंतर काय बदलून आणला नव्हता.

पंगतीत मला चेअरमनच्या शेजारी पाट. पुरणपोळी, कटाची आमटी. चेअरमन स्वतःच्या हातानं तूप वाढत व्हते. तेवढ्यात वकील आलं. ते मुलाखतीनंतर पोस्टात गेलं व्हतं, विट्याच्या पाव्हण्यांना फोन लावायला. चौकशी नको का करायला, घरातलाच माणूस हुणार व्हतो मी. वकील वाकलं आनि चेअरमनच्या कानाला लागलं.

तुपाची वाटी माझ्या पोळीवर आली व्हती. तिथंच थांबली. मग सरळ झाली. मग पुढच्या ताटावर गेली.

मी नकलाकार माणूस हाय. माणसाचं तोंड बदलताना मला आधी दिसतं.

आता तुमाला वाटंल, मला हाकलला. हाकललं असतं तर बरं झालं असतं. चेअरमनला व्यवहार कळत व्हता. ह्येला घालवला तर दुसरा न्हाई. मला ओसरीवर नेलं. घसा खाकरला. अंगठी फिरली.

"काय आहे, डॉक्टर. आम्ही भेद मानत नाही. पण गाव मानतं. तेव्हा नोकरी तुमची पक्की. क्वार्टर मात्र कंपाउंडात नको, स्टँडकडे खोली बघू. पेशंटपैकी कुणी विचारलं, तर शिपाईगड्याचं घराणं, एवढंच सांगायचं. खोटं नाहीच ते. आणि इथं घरी आईसाहेबांना बघायला येताना मागच्या दारानं यायचं. आईसाहेब जुन्या आहेत."

म्हंजे बघा. रस्त्याच्या पलीकडं, हॉस्पिटलात, मी मराठा. रस्ता ओलांडून अलीकडं आलो की म्हार. मधी काळा डांबरी रस्ता. असली कमाल मला कुठल्या सोंगात जमली नव्हती.

मी म्हणलं, "आधी आईसाहेबांना बघतो." त्येंची धाप मला ओसरीवर ऐकू येत व्हती.

आत गेलो. माझ्या आधी बातमी आत गेली व्हती. आनि मग त्यो रुमाल.

आईसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. वाईट बाई नव्हती, त्येच तर वाईट. हळू म्हणल्या, "राग मानू नगं लेकरा. सांजचा देवाचा दिवा मला लावायचा असतोय."

मी रुमालावर बोटं ठेवली. चेअरमन वाकून बघत व्हते. वकील दारात.

"काय लागतंय?" चेअरमननी विचारलं.

म्हणलं, "रुमाल ठणठणीत हाय. त्येच्या खाली कोण हाय, त्येचं मला सांगता यायचं न्हाई."

"डॉक्टर, थट्टा करू नका."

"थट्टा तुमी मांडली. हात लावून बघू द्या, न्हाईतर आईसाहेबांना आजच्या आज मिरजेला न्या. पाय सुजलंत, बसल्या जागी धाप लागतीय, हृदय थकलंय. ह्येला रुमालावरचा डाक्टर चालत न्हाई."

"आणि नोकरी?"

"ती बांधा ह्या रुमालात," म्हणलं, "आनि ठेवा खिशात."

पुढच्या दारानं बाहेर पडलो. एसटीत बसलो. मी कुठंबी बसलो की शेजाऱ्याला हसवतो, त्या दिवशी कंडक्टरनं तिकीट विचारलं तरी तोंड उघडंना. डोक्यात एकच. ह्या माणसाचं तोंड मी सगळ्या गावादेखत पाडणार.

आईसाहेबांना त्येंनी मिरजेला नेलं. बऱ्या झाल्या. वॉर्डात त्येंची कूस बदलणारी, तोंड पुसणारी, घोट घोट पाणी पाजणारी सिस्टर आमच्याच भावकीतली. मला ते कळलं तवा दिवसभर शीळ घालत हिंडलो. असला आनंद चांगल्या माणसाला हुत न्हाई म्हणत्यात. झाला मला.

मग एप्रिल आला. त्या गावात आमची वस्ती हाय, बाजाराच्या मागं. तिथल्या पोरांना माझ्या नकला ठावं व्हत्या, त्येंनी जयंतीला बोलावलं. आनि प्रमुख पाव्हणं कोण? चेअरमन. इलेक्शन जवळ आली की ही माणसं कुठल्याबी फोटोला हार घालत्यात. लाउडस्पीकरबी त्येंनीच दिला व्हता. पोरांना म्हणलं, गड्यांनो, कर्णा बाजाराकडं करा आनि हॉस्पिटलाकडंबी एक करा.

आबांना संगं नेलं. गुडघं धरत आले, म्होरल्या खुर्चीवर बसले. रुमालाचं त्येंना ठावं व्हतं.

दिवेलागणीला चेअरमननी फोटोला हार घातला आनि भाषण केलं. आम्ही भेद मानत नाही, तेच. मग मी उठलो. माईक धरला. काय बोललो न्हाई, नुसता घसा खाकरला.

वस्ती हसून फुटली. बाजारातली दुकानदार मंडळी फळ्या सोडून रस्त्यावर आली. मी बोटातली नसलेली अंगठी फिरवली. "काय आहे, डॉक्टर." मग सगळं केलं. तुपाची वाटी केली, कशी येते, कशी थांबते, कशी पुढं जाते. वकिलाची कुजबुज केली. मागचं दार केलं. एका पोराला पलंगावर बसवलं, त्येच्या मनगटावर रुमाल टाकला आनि लांबनंच नाडी बघितली. माणसं पोट धरून हसत व्हती. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात पेशंट कठड्याला टेकून हसत व्हतं, असं मागनं कळलं.

माझं ध्यान एकाच तोंडाकडं. आता पडंल, आता पडंल.

चेअरमन हसत व्हते. पोट हलवून. डोळं पुसत.

उठून आले माझ्याकडं. स्वतःच्या गळ्यातला हार काढला, माझ्या गळ्यात घातला, माईक घेतला. घसा खाकरला. त्येच्यावरच पुन्हा हशा.

"काय आहे, मंडळी. डॉक्टर मोठे गुणी कलावंत. आमचीसुद्धा नक्कल केली, आणि आम्ही पहिल्या रांगेत बसून हसलो. हीच समता."

टाळ्या. माझ्यापेक्षा जास्त त्येंना. जीप आली, हात हलवत गेले.

पोरांनी मला खांद्यावर घेतलं. मला वाटलं, जिंकलो.

ज्येंच्या घरी उतरलो व्हतो तिथं सोप्यात आबा भिंतीला टेकून बसले व्हते. म्होरं ताट तसंच. मी आत पाय टाकला.

"हार काढ आदी," आबा म्हणले.

काढला.

"आबा, लय हसली की लोकं."

"हसली. त्योबी हसला. बगितलंस का?"

"बघितलं."

"मंग? पाडायला गेलातास ना तोंड त्येचं? आरं, हसला तितंच सुटला त्यो. उद्या कुनी म्हनलं, ह्या मानसानं एका डाक्टरला रुमालावरनं नाडी बगाय लावली, तर गाव काय म्हनंल? व्हय व्हय, नक्कल लय झ्याक व्हती. म्हंजे झालं? मिटलं?"

काढलेला हार मी कोपऱ्यात ठेवला.

"माजा बा ह्येंच्या दारात हलगी घिऊन हुबा ऱ्हायाचा. ह्येंनी हसावं, शिळंपाकं टाकावं म्हून. त्या दारातनं निगायला मी पलटनीत गेलो. तुला डाक्टर केला. आनि तू ष्टेजवर चडून पुन्यांदा त्येलाच हसवलंस. वर त्येच्या गळ्यातला हार घालून आलास. कुनी सांगितलं हुतं रं तुला सोंगाड्या हुयाला?"

घरधनी मधी पडायला बघत व्हते, आबांनी हातानंच थांबवलं.

मी म्हणलं, "मग काय करू सांगा."

"नोकरी माग."

"त्यो देणार न्हाई, आबा."

"नगं दिऊ. न्हाई म्हनू दे. पन तोंडानं न्हाई, कागदावर. जागा अजून रिकामी हाय न्हवं? अर्ज एकट्याचा हाय न्हवं? मंग का न्हाई, ते लिवून, सही करून दे म्हनायचं. तोंडानं बोलल्यालं त्यो हसून घालवतोय. सही कशी हसून घालवतोय बगू. कायदा हाय. जज्ज काय नकलंला हसत न्हाई."

इतकी वर्सं मला वाटत व्हतं, नक्कल म्हंजे माझं हत्यार. त्या माणसानं ते माझ्याच हातातनं घिऊन त्येचा हार केला व्हता.

"उद्या जातो," म्हणलं.

"कसा जानार ते सांग."

"पुढच्या दारानं. हापिसात, सगळ्यांच्या म्होरं. नाव सांगीन, गाव सांगीन, जात सांगीन. त्येंनी विचारायच्या आधी. क्वार्टर कंपाउंडातलीच मागीन. न्हाई म्हणले तर लिवून घेतल्याबिगर खुर्चीवरनं उठणार न्हाई. लिवलं न्हाई तर कलेक्टर, मग कोर्ट. त्यो चेअरमन हाय तवर त्येच्या मागं लागणार. खुर्ची गेली तरी सोडणार न्हाई."

बोलता बोलता मला ते हापिस दिसलं, वकिलाचं तोंड दिसलं, आनि सवयीनं माझ्या गालात हसू आलं असावं.

"दात झाक," आबा म्हणले. "आनि उद्या तितं एक जरी दात दिसला, तर मला बा म्हनू नगंस."