मामांची सहीवाली गिटार

आमच्या कुंडलच्या मामांइतका इलेक्ट्रिक गिटारीवर जीव टाकणारा माणूस सातारा-सांगली या दोन्ही जिल्ह्यांत झाला नाही. हे मत मामांचंच आहे, आणि त्यांच्याशी वाद घालून कुणी जिंकल्याचं माझ्या ऐकिवात नाही. एकोणीसशे सत्तरच्या सुमाराला ते फौजेच्या बँडमधून निवृत्त होऊन आले ते एक काळी ट्रंक, पीळ दिलेली मिशी आणि ही गिटार घेऊन. त्यांच्या कर्नलसाहेबांनी ती विलायतेहून आणली होती आणि मामांना निरोप देताना बक्षीस दिली होती. रंग सोनेरी, पोटाला हलका फुगवटा आणि एका खांद्याला खोल काप. तो काप कशासाठी, हे मामा दारी येईल त्याला सांगत. "बोटं शेवटच्या सुरापतुर पोचाय पायजेत. खांदा आडवा आला की सूर अर्ध्यात ऱ्हातोय." एका म्हाताऱ्यानं ती उलटसुलट करून विचारलं, "हिला भोकच न्हाई, आवाज कुठनं येनार?" मामांनी मामीच्या शिवणाच्या डब्यातली सुई आणवली आणि तारांखालच्या लोहचुंबकाला चिकटवून दाखवली. "तार हालली की ह्येला कळतंय, आन् ह्यो कर्ण्याला सांगतोय." कर्णा मंडपवाल्याचा असे. तो लावून मामा वाजवायला बसले की गोठ्यातली म्हैस पान्हा चोरायची, आणि मामा म्हणायचे, ऐकायला थांबली असेल.

गिटारीला कुणी हात लावायचा नाही, ही फौजी शिस्त होती. हळदीचा हात तर दारातूनच परत. मी तेव्हा सांगलीला नोकरीला होतो आणि रविवारी मामांकडे जायचो; मलासुद्धा आधी हात धुऊन दाखवावे लागत. एकदा मुंबईचा एक शौकीन मुद्दाम बघायला आला आणि "इतकी कोरी गिटार देशात दुसरी नसेल" म्हणून गेला. तेव्हापासून मामा तिच्यावर श्वाससुद्धा जपून सोडत.

घोटाळा होता तो सहीचा. गिटारीच्या डोक्यावर एका परदेशी वादकाची तिरकी सोनेरी सही होती. त्याच्या मनाजोगती घडवली म्हणून कंपनीनं त्या जातीच्या प्रत्येक गिटारीवर त्याची सही घातली, हे मामांना ठाऊक होतं, गावाला नव्हतं. आमच्याकडे लग्नकार्यात अख्ख्या आळीची पातेली एकत्र होतात आणि वर घातलेलं नाव वाचून ज्याची त्याच्या घरी परत जातात. त्यामुळे मामा त्या सहीवाल्या साहेबाची गिटार दाबून बसले आहेत, अशी कुजबुज होतीच. इस्लामपूरच्या एका लग्नात मामांनी हौसेनं गिटार वाजवली, आणि मुलाकडच्या एका पाहुण्यानं भर मांडवात ती सही वाचली. "आवं सुबेदार, सायबाची वस्तू सायबाला धाडून द्या की. कवर दडवून ठेवताय?" मांडव हसला. मामाही खदखदून हसले, कारण अडाण्यांचं काय मनावर घ्यायचं! मामी मात्र भरल्या ताटावरून उठली.

मामी मोठी अबोल. त्यातून नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणजे नाही. रेशनच्या दुकानात कारकुनानं विचारलं तर ती शेजारणीला पुढं करायची. लग्नातल्या उखाण्यातसुद्धा तिनं नुसत्या 'रावां'वर भागवलं, अशी मामांची जुनी तक्रार होती.

पुढच्या रविवारी मामा यमाईच्या दर्शनाला औंधला गेले होते. भांड्यांवर नावं घालणारा आळीत येऊन बसला आणि बायका पातेली-तांबे घेऊन जमल्या. मी ओट्यावर पेपर वाचत होतो. बघतो तर मामी शालीत गुंडाळलेली गिटार घेऊन बाहेर!

"मामी, मामा जीव देतील!"

"तू गप."

तारा अडकवायच्या चकचकीत पट्टीवर तिनं बोट ठेवलं. कारागिरानं छन्नी टेकवली. "काय नाव घालू?"

मामी थांबली. सगळी आळी तिच्याकडे बघत होती. मग तिनं पदर सावरला आणि मामांचं नाव, त्यांच्या वडलांचं नाव आणि आडनाव, सगळं सरळ, खणखणीत आवाजात सांगितलं. कारागिराची हातोडी हातातच राहिली.

संध्याकाळी मामांनी पट्टी पाहिली आणि ते कडाडले. "कुनी केलं ह्ये? फौजंत असता तर कोर्टमार्शल केलं असतं!"

"म्याच केलं," आतून मामी म्हणाली. "आता म्हना म्हनावं कुनाला सायबाची."

मामा तोंड उघडणार, एवढ्यात मी म्हणालो, "मामा, नाव मामीनंच सांगितलं. स्वतःच्या तोंडानं."

"आख्खं?"

"आडनावासकट."

मामा खाली बसले. अंगारा-प्रसादाची पिशवी त्यांच्या हातातच राहिली.

मुंबईचा शौकीन पुन्हा आला तेव्हा ती ठोकलेली अक्षरं बघून हळहळला. मामांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. येणाऱ्याला ते आता खांद्याचा काप नंतर दाखवत, आधी पट्टी.

मामी चार वर्षांत गेली. तिनं ते नाव पुन्हा काही घेतलं नाही. त्यानंतर मी गेलो की मामा गिटार मांडीवर घेत, वाजवत नसत. पट्टीवरून अंगठा फिरवत म्हणत, "तू हुतास न्हवं रं? सांग की, कसं म्हनली?" मी सांगायचो, जमेल तितकं तिच्यासारखं. ते डोळे मिटून ऐकायचे.

"आन् मी गड्या औंधात," ते म्हणायचे. "आख्खी आळी हुती ऐकाय. मीच तेवढा न्हवतो."