तूनिसकाकांनी न पाहिलेला ट्युलिप

आज सकाळी आठलाच शेजारच्या तूनिसकाकांनी माझ्या खिडकीवर फावड्याचा दांडा ठोकला. "उठलीस की नाही? जमीन थंड झालीय! हात घालून बघितला मी!" शहात्तर वर्षांचा माणूस, खुब्याचा सांधा सहा महिन्यांपूर्वीच बदललेला, आणि अंगणात नुसता नाचत होता.

ऑक्टोबर संपता संपता जमीन गार झाली की आमच्या हॉलंडच्या या किनाऱ्यावर घरोघरी ट्युलिपचे कंद लावतात. पण काकांची तऱ्हा निराळी. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या शेतात ट्युलिप लावले आणि फूल उमललं रे उमललं की त्याची मान मोडली. आमच्या गावाचं पोट फुलावर नाही, कंदावर चालतं. फूल तोडलं की झाडाचा सगळा जोर खाली जातो आणि कंद पोसतो. एप्रिलमध्ये बांधाबांधावर फुलांचे ढीग पडतात, त्यांच्याकडे आम्ही ढुंकूनही बघत नाही.

काम सुटल्यावर मात्र काकांना ट्युलिपची स्वतःची नवी जात काढायची हौस आली. दोन जातींचा संकर केला, बी धरलं, पेरलं. डझनभर रोपांतलं एकच जगलं. बियापासून फूल यायला सात वर्षं लागतात. अलिदाकाकू म्हणायच्या, "लग्नाआधी माझी सात महिनेसुद्धा वाट बघितली नव्हतीस!" यंदा एप्रिलमध्ये एकदाची कळी आली, आणि नेमक्या त्याच आठवड्यात काकांची इस्पितळात भरती झाली.

काकू त्यांच्याजवळ, मी बहिणीकडे गेलेली. म्हणून बाग बघायला हूब आला. हा काकांचा शेतातला जन्माचा जोडीदार. त्यानं तण काढलं, पाणी घातलं, आणि पाठमोरा होता होता एक उघडलेलं फूल दिसलं. हात आपोआप गेला. फूल पालापाचोळ्याच्या गाडीत पडलं आणि गाडी गेलीही.

काका घरी आले ते थेट वाफ्यापाशी. बोडका देठ बघून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "रंग कोणता होता?" त्यांनी तिथंच उभ्या असलेल्या हूबला विचारलं.

"रंग?" हूब म्हणाला. "रंग कोण बघतं?"

त्यावर काकांनी जी कुबडी उगारली, त्यानंतर हूबनं या गल्लीत पाऊल टाकलं नाही.

आज मी गेले तेव्हा काका वाळूत गुडघे टेकून बसले होते. पुढ्यात जुन्या वर्तमानपत्रावर त्याच झाडाखालून काढलेले तीन कंद. टच्च भरलेले, वर तपकिरी साल कुरकुरीत. "एकाचे तीन झाले गं! तीन!" त्यांनी तिन्ही माझ्या हातात कोंबले. "वजन बघ! आमच्या मालकाच्या शेतात असला माल नव्हता!"

"एवढे पोसले कशानं?" मी विचारलं, आणि विचारल्यावर जीभ चावली.

काकांनी घसा खाकरला. मग स्वयंपाकघराच्या दिशेनं ओरडले, "अलिदा! त्या गाढवाला फोन कर! म्हणावं, लावणी आहे, ये!"

हूब पाच मिनिटांत हजर. सायकल कुंपणाला टेकवली तरी आत येईना.

"ये की," काका म्हणाले. "तू मान मोडलीस म्हणून एकाचे तीन झाले. कबूल करायला जिवावर येतंय, पण करतो."

मग काय! दोघं म्हातारे शेजारी शेजारी गुडघ्यावर बसले आणि भांडायला लागले. खड्डा कंदाच्या तिप्पट खोल हवा की चौपट? टोक बरोब्बर वर आहे की कललंय? काकू कॉफी घेऊन आल्या, ती निवून गेली. मला तर असं वाटत होतं की घरात बाळ जन्माला येतंय आणि आम्ही सगळे दाराबाहेर उभे आहोत.

तिसरा कंद खड्ड्यात बसला तेव्हा हूब हळूच म्हणाला, "तूनिस, त्या दिवशी तू कुबडी उगारलीस आणि माझी बोबडीच वळली. घरी गेल्यावर आठवलं मला. रंग सांगू?"

काकूंच्या हातातला कप जागीच थांबला.

काकांनी मातीनं भरलेले दोन्ही हात कानांवर दाबले. "खबरदार! एक अक्षर काढलंस तर याच खड्ड्यात पुरीन!"

"अरे, पण वय बघ तुझं," हूब कळवळून म्हणाला. "एप्रिल अजून सहा महिने लांब आहे."

"म्हणून तर नको सांगूस," काका म्हणाले. "मला तिथवर पोचायचंय."

हूबनं तोंड मिटलं आणि तिसऱ्या कंदावर माती लोटली.