मावशींचा हीटर आणि माझा भागाकार

मावशी उबवणी केंद्रात एकवीस वर्षं होत्या. ट्रेमधलं अंडं हलकेच उचलायच्या, मिटलेल्या पापणीला लावायच्या आणि ऊब किती ते सांगायच्या. थर्मामीटर होता, पण तो उबवणीच्या कपाटात वरच्या तापायच्या रॉडजवळ टांगलेला. मालकांची श्रद्धा थर्मामीटरवर, मावशींची पापणीवर. मी इलेक्ट्रिशियन, माझी फक्त आकड्यांवर. त्याच घमेंडीत मी या बाईची नोकरी घालवली.

त्या महिन्यात खालच्या ट्रेमधली अंडी फुटेचनात. मावशी म्हणाल्या, "खालचा रॉड तापत नाहीये." मालक म्हणाले, "रॉड नाही, तुमची कंबर गेलीय. वाकून अंडी फिरवायचा कंटाळा करता." निकाल लावायला मला बोलावलं.

कपाटात तीन रॉड, मिळून सहाशे नव्वद वॅट, असं पाटीवर लिहिलेलं. मागच्या झाकणाला बारा स्क्रू. कोण काढत बसणार? म्हटलं, दाब आणि प्रवाह मोजला की झालं. दाब दोनशे तीस व्होल्ट. प्रवाह मोजायला वायर मीटरच्या चिमट्यात धरायची. माझा मीटर जुना, थोड्या प्रवाहाला दाद देत नाही. म्हणून वायर चिमट्यातून गुंडाळून घ्यायची आणि आलेला आकडा वेढ्यांनी भागायचा. आकडा आला सहा. वेढे दिसत होते दोन. भागलं, तीन अँपिअर. दोनशे तीस गुणिले तीन, सहाशे नव्वद. पाटीशी तंतोतंत! "हीटर ठणठणीत आहे," मी छाती फुगवून सांगितलं. त्याच संध्याकाळी त्यांना घरी बसवलं.

तीन आठवड्यांनी पुन्हा बोलावणं आलं. नवी मुलगी तरणीताठी, दिवसभर वाकत होती, तरी खालची अंडी गारच. या वेळी मुकाट्याने बारा स्क्रू काढले. खालच्या रॉडची तार तुटलेली, तुटल्या जागी कोळ्याचं जाळं आणि त्यावर धुळीचा जाड थर. हे काही तीन आठवड्यांचं काम नव्हतं. मी वायर नेहमीसारखी गुंडाळली आणि बोट ठेवून मोजलं. बाहेर वेढे दोन दिसतात, पण चिमट्याच्या आतून वायर तीनदा जाते. म्हणजे तेव्हाचा सहाचा आकडा भागायचा होता तीनने. येतात दोन अँपिअर, चारशे साठ वॅट, दोनच रॉडांचे. रोध काढला तर एकशे पंधरा ओहम, जिथे जेमतेम सत्त्याहत्तर हवा. एक रॉड मेलाय, हे आकडे तेव्हाच ओरडून सांगत होते. आणि मी मालकांना काय सांगितलं? "रॉड आत्ताच गेलाय." माझी जीभ कशी झडली नाही!

चार दिवस मावशींच्या गल्लीत जायचं टाळलं. पाचव्या दिवशी मावशींचं घर गाठलं. त्यांच्या नातीला कणकण होती. मावशींनी तिच्या कपाळावर हात ठेवला, काढला आणि शेजारणीला हाक मारली, "अगं, जरा तू हात लावून बघ गं. मला हल्ली काही कळत नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वेढे, भागाकार, जाळं, सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे रॉड तेव्हाच गेला होता?"

"हो. तुमचंच बरोबर होतं, मावशी."

"मालकांना सांगितलंत?"

"नाही. माझं नाव खराब होईल म्हणून..."

"आणि माझं झालं ते?"

त्यांनी नातीला शेजारणीकडे दिलं आणि चपला पायात सरकवल्या.

"चला. तो भागाकार आता त्यांच्यासमोर करा."