जैसे थे तलावाचा राखणदार

पहाटे पाच चाळीसला उदेभान पंधरे तलावाच्या पाळीवर उभा राहून पाणकावळ्यांवर गोफण चालवत होता. पाणकावळे उडाले, पलीकडच्या काठाला उतरले आणि पुन्हा बुड्या मारू लागले. उदेभान पाळीवरून तिकडे चालत निघाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या तलावातली मासेमारी पुढील निर्णयापर्यंत थांबवली आहे. पाणकावळे त्या याचिकेत पक्षकार नाहीत. त्यांच्यापर्यंत आदेश पोचवण्याचे काम उदेभान रोज गोफणीने करतो.

गाव बोदरटोला, सडक अर्जुनी तालुक्यात. तलाव मालगुजारीच्या काळातला आहे. पाळीवर मोहाची झाडे आहेत, खाली धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरे, आहेत आणि पाळीच्या पोटात तुडूम आहे. तुडूम म्हणजे तलावातले पाणी शेतात सोडायचे दार. ते लोखंडी हँडलने फिरते. हँडल एकच आहे.

तलावात रोहू, कतला आणि मिरगल आहेत. ते सोडले सेवकराम वलथरे यांच्या मच्छीमार संस्थेने. तलावाचा ठेका मात्र नंतर त्यांच्या सख्ख्या पुतण्याच्या, उमेंद्र वलथरेच्या, नव्या संस्थेला मिळाला. जिल्ह्यातल्या एका कार्यालयाने काकांचा ठेका रद्द केला आणि त्याच महिन्यात तो पुतण्याला दिला. म्हणजे मासे काकाचे आणि पाणी पुतण्याचे, अशी स्थिती झाली. काका नागपूरला गेले. न्यायालयाने एप्रिलच्या मध्यात सांगितले की, सुनावणी होईपर्यंत कोणीच मासे काढू नयेत, परिस्थिती जैसे थे ठेवावी आणि ग्रामपंचायतीने राखण ठेवावी.

राखणदार कोण, यावर ग्रामसभा बराच वेळ चालली. वलथरेंपैकी कोणी नको, यावर एकमत झाले. वलथरेंच्या सोयऱ्यांपैकी कोणी नको, यावरही झाले. तेवढ्यात निम्मे गाव संपले. मग कोणीतरी उदेभानचे नाव घेतले. तो गोंड, कोणत्याच संस्थेचा सभासद नाही आणि त्याच्या कुळात देवक म्हणून कासव खात नाहीत. मासे खातात. पण कासव न खाणारा माणूस मासेही चोरणार नाही, हा युक्तिवाद सभेला पटला. विरोधात कोणी बोलले नाही.

त्याच्या नावाला दुसरेही एक कारण होते. पंचावन्नच्या आसपास वय असलेल्या उदेभानने आयुष्यभर दुसऱ्यांच्या वस्तूच राखल्या आहेत. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे पाने गोळा होतात त्या जागी, ठेकेदाराचे पुडे राखले. निवडणुकीच्या आदल्या दिवशी शाळा राखली. नागझिऱ्याच्या बाजूला वणव्याच्या हंगामात जाळरेषेवर मजूर म्हणून राहिला. तिथे एकदा वनरक्षकाने सांगितले, बदली माणूस येईपर्यंत जागा सोडू नको. बदली माणूस पाठवायचे राहून गेले. तिसऱ्या दिवशी शोधत आलेल्यांना उदेभान जागेवरच सापडला. त्याने मोहफुले भाजून खाल्ली होती. तक्रार केली नाही.

आदेश आला तेव्हा ग्रामसेवकाने तो पाळीवर उभे राहून वाचला आणि मराठीत समजावला. कमी-जास्त झाले तर न्यायालयाचा अवमान होतो आणि अवमानाला शिक्षा असते, हेही सांगितले. उदेभानने विचारले, "जैसे थे म्हणजे काय?"

"आज आहे तसं," ग्रामसेवक म्हणाले.

उदेभानने पाण्याच्या काठावर एक बांबूची खुंटी ठोकली.

दोन दिवसांनी उन्हाळी धानाला पाणी देण्याची बारी होती. तुडूम उघडले गेले. संध्याकाळी पाणी खुंटीपासून हातभर मागे सरकलेले दिसले. उदेभानने तुडूम बंद केले, हँडल काढले आणि खांद्यावर टाकून घरी नेले.

शेतकरी पंचायतीत गेले. सरपंच अन्नपूर्णा रहांगडाले यांनी उदेभानला बोलावले.

"काऊन रे, पानी काऊन अडवलास?"

"कोरटाचा हुकूम हाये, बाई."

"हुकूम मासोळ्यांचा हाये."

"तलावाचा हाये. जैसे थे. यायनंच वाचून दाखवला." त्याने ग्रामसेवकाकडे बोट केले.

ग्रामसेवक म्हणाले की, आदेशाचा तसा अर्थ होत नाही. उदेभान म्हणाला, तसे लिहून द्या, आत्ता हँडल आणतो. ग्रामसेवकांनी आदेश पुन्हा वाचला. मग म्हणाले, वरून मार्गदर्शन घेतलेले बरे. वरच्यांनी सांगितले, प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, पंचायतीच्या वकिलांना विचारा. वकील फोनवर म्हणाले की, माझ्या मते पाणी सोडायला हरकत नाही, तरी न्यायालयाकडून खुलासा घेऊन टाकू. पाणी सोडायला हरकत आहे असे बोदरटोल्यापासून नागपूरपर्यंत कोणीही म्हणाले नाही. हरकत नाही असे कोणी लिहूनही दिले नाही. तुडूम बंद राहिले.

धान तेव्हा निसवला होता. लोंबीत दूध भरायच्या दिवसांत पाणी नसले तर दाणा पोचट होतो. मे महिन्यात उच्च न्यायालयाला उन्हाळी सुटी लागते. खुलाशाचा अर्ज त्याआधी सुनावणीला आला नसता, तर जूनमध्ये खुलासा मिळाला असता आणि शेतात तणस, म्हणजे नुसता पेंढा, मिळाली असती. तुडुमाखाली ज्यांचा धान होता, त्यांत मंगली पंधरेही होती. मंगली ही उदेभानची बायको. दोन बांध्या तिने बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, केल्या आहेत. रोवणी तिची, निंदण तिचे. त्या अगदी शेपटाला आहेत, पाणी सगळ्यांच्या शेवटी पोचते.

हँडल घरातच होते, भिंतीला टेकवून ठेवलेले. मंगली रोज त्याच्या बाजूने झाडत होती.

"अजी, कोरटानं मासे राखाले सांगलन का पानी?"

"तलाव सांगलन."

"आपला धान तलावात हाये का?"

"तलावाखाली हाये."

"मंग कोरटाले खालचं दिसत नाई का?"

"नागपुरातून दिसत नसन."

"तुमाले तं दिसते ना? द्या ते हँडल. मी फिरवतो."

मंगली स्वतःबद्दल 'मी फिरवतो' असेच म्हणते. झाडीपट्टीत बायका असे बोलतात.

"तू तं हातच नोको लावू," उदेभान म्हणाला.

"काऊन? तुमची बायको नाई का मी?"

"म्हनून तं. दुसऱ्याच्या बायकोनं फिरवलं तं चोरी म्हनतीन. तू फिरवलं तं म्हनतीन, आपल्या बांधीसाठी राखनदारानं हुकूम मोडला."

मंगलीने त्यानंतर त्याच्याशी बोलणे कमी केले. जेवण वाढत होती. वाढताना भांडी मोठ्याने ठेवत होती. त्या आठवड्यात तिने घागरीने पाणी नेऊन वरच्या बांधीचा एक कोपरा ओला केला. उदेभानने ते पाहिले. घागर विहिरीतून भरली की तलावातून, एवढेच विचारले. ती विहिरीतून भरलेली होती.

सुनावणी सुटीआधी लागली. साकोलीहून एसटीने तिघे गेले: सेवकराम, उमेंद्र आणि सरपंचबाई. काका-पुतण्या शेजारी-शेजारी बसायला नको म्हणून सरपंचबाई मध्ये बसल्या. भंडाऱ्याच्या पुढे ऊन चढले तेव्हा उमेंद्रने बाटली पुढे केली.

"काकाजी, पानी पेता का?"

"तुह्या तलावाचं असन तं नाई पेत."

"तलाव सध्या कोनाचाच नाई, काकाजी."

"मंग दे," सेवकराम म्हणाले आणि अर्धी बाटली संपवली.

उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींच्या दालनात प्रकरण दुपारनंतर पुकारले गेले. त्याआधी एका शिक्षकाचे निवृत्तिवेतन झाले, रस्त्यासाठी घेतलेली एक जमीन झाली आणि एका नोकरीचा वारसाहक्क पुढच्या तारखेवर गेला. तिघे मागच्या बाकावर बसून होते. बोलणे इंग्रजीत चालले होते. उमेंद्र बारावी शिकलेला आहे. तो काकांच्या कानात सांगत होता आणि काका दर वेळी विचारत होते, "आपल्याकडून का तुमच्याकडून?"

प्रश्न दोघांपैकी कोणाकडूनही नव्हता. उच्च न्यायालय अशा याचिकेत मासे कोणाचे हे ठरवत नाही. ज्याने ठरवायचे त्याने नीट ठरवले का, एवढे ते पाहते. काकांच्या संस्थेत बोगस सभासद आहेत का, पुतण्याची संस्था कोणाच्या सांगण्यावरून निघाली, यावर दोन्ही वकिलांची तयारी होती. न्यायमूर्तींनी ते विचारले नाही. कार्यालयाच्या वकिलांना एकच विचारले: ठेका रद्द करण्यापूर्वी जुन्या संस्थेचे म्हणणे ऐकले का? फाइल चाळली गेली. नोटीस पाठवल्याचे दिसत होते. पोचल्याचे दिसत नव्हते.

रद्द करण्याचा आदेश रद्द झाला. त्याच कार्यालयाने दोघांनाही बोलावून, ऐकून, जूनअखेर नव्याने निर्णय द्यावा आणि तोवर दोघांनीही मासेमारी करू नये, असे ठरले. दोन्ही वकिलांनी याला संमती दिली. मग पंचायतीचा अर्ज निघाला. पाणी कोणी बंद केले, असे एका न्यायमूर्तींनी विचारले. राखणदाराने, असे वकील म्हणाले. का? आदेश पाळण्यासाठी. सिंचनाला मनाई कधीच केलेली नव्हती, असा खुलासा न्यायालयाने केला आणि मासे जगतील एवढे पाणी राखण्याची जबाबदारी पंचायतीवर टाकली. राखणदाराविषयी आदेशात शेरा नाही.

बाहेर आल्यावर सेवकरामांनी विचारले, "कोन जितला?"

"कोनीच नाई," उमेंद्र म्हणाला. "परत पयल्यापासून."

"एवढ्यासाठी नागपूरले आलो का बे?"

"तुमीच आनलं, काकाजी. मी तं घरी होतो."

सरपंचबाईंनी तिथूनच उदेभानला फोन लावला.

"तुडूम खोल. कोरटानं सांगितलं."

"कागद?"

"कागद येऊन राहिला. दोन दिवसांत मोबाइलवर येते म्हणते वकील."

"आला का खोलतो."

"अरे, मी सरपंच सांगून राहिली ना तुले."

"बंद कराचा हुकूम कागदावर आला होता, बाई."

त्याला बंद करायचा हुकूम कधीच आला नव्हता, हे सरपंचबाईंनी त्याला सांगितले. तेही कागदावर असेल तर दाखवा, असे तो म्हणाला. मंगली दारात उभी राहून ऐकत होती. ती हँडल उचलून बाहेर निघाली. उदेभान आडवा आला नाही. फक्त म्हणाला, "दोन दिवस, मंगली." ती पाळीपर्यंत गेली, तिथे बसली आणि अंधार पडल्यावर हँडल घेऊन परत आली. तुडूम तिने का फिरवले नाही, हे सरपंचबाईंनी नंतर तिला विचारले. ती म्हणाली, "मले का, त्याले घेऊन गेले असते ना."

कागद तिसऱ्या दिवशी आला. ग्रामसेवकांनी तो छापून पाळीवर वाचला. पाण्याचा परिच्छेद उदेभानने दोनदा वाचायला लावला. मग पंचायतीने तुडुमाच्या खांबावर लाल रेषा मारली. पाणी त्या रेषेला टेकले की तुडूम बंद, मग बारी कोणाचीही असो. सेवकराम आणि उमेंद्र दोघेही रोज सकाळी रेषा पाहायला येतात. काका पाळीच्या या टोकाला उभे राहतात, पुतण्या त्या टोकाला. दोघांनाही तेवढेच दिसते.

पाणी नेहमीच्या रिवाजाने वरच्या बांध्यांपासून सुटले. आज सकाळी रेषा आणि पाणी यांच्यात चार बोटांचे अंतर होते. मंगलीच्या खालच्या बांधीतला धान पोचट गेला आहे. तिने लोंब्या चोळून पाहिल्या. वरच्या बांधीतला एका पाण्यावर भरेल, असे ती म्हणते. त्या एका पाण्याएवढे पाणी रेषेच्या वर उरेल का, हे तिने उदेभानला विचारले. तो म्हणाला, उरले तर सोडतो, नाही तर नाही.

"आनि हे मासे?" मंगलीने विचारले. "हे कोनाचे?"

"जूनमधी सांगतीन."

पंचायतीच्या फळ्यावर उद्याची बारी लिहिलेली आहे. तुडूम सकाळी सहाला उघडायचे आहे. शेपटाकडची पाच नावे आहेत. मंगली पंधरे हे नाव पाचवे आहे.