पुढे घर, मागे घर आणि रांगेत आम्ही

इथे परदेशात घर एकच घेतलं, पण किस्से इतके जमले की वेस्टमीडच्या आमच्या लॅबमध्ये चहाच्या वेळी कुणीतरी एखादा मागतंच. मीही आढेवेढे घेत नाही. माझा नवरा मेल्विन म्हणतो, "आता तिकीट लाव!"

*

आमच्या भाड्याच्या फ्लॅटचा मालक फ्लॅट विकायला निघाला. दोन महिन्यांत बाहेर पडायचं, आणि दुसरं घर बघायला जावं तर दारात स्टुडंट्सची ही रांग! मेल्विन वैतागून म्हणाला, "भाड्यासाठी उभं राहण्यापेक्षा विकतच घेऊ!" मी हसले. दुसऱ्या दिवशी तो गृहकर्जाच्या ब्रोकरची अपॉइंटमेंट घेऊन आला, तेव्हा मला घाम फुटला.

ब्रोकर म्हणाला, "पहले घर की सरकारी स्कीम में पाँच टक्के डिपॉझिट चलेगा. शर्त एक ही है, घर में खुद रहना पड़ेगा."

"रहना?" मेल्विन म्हणाला, "भाईसाब, हम तो बाहर ही नहीं निकलेंगे!"

*

ब्लॅकटाउनला घर सापडलं. पुढे तीन बेडरूम, मागच्या अंगणात ग्रॅनी फ्लॅट, म्हणजे स्वतंत्र छोटं घर. पुढे आपण राहायचं, मागचं भाड्याने द्यायचं, हप्त्याला हातभार. अंगणात लिंबांनी लगडलेलं झाड! मी तिथेच विरघळले.

घर बघायच्या रांगेत आमच्या मागे नागपूरची दोन मुलं. युनिफॉर्ममध्येच, थेट शिफ्टवरून आलेली.

"काकू, मागचं आम्हाला द्या ना!"

"अरे, अजून आम्हीच घेतलं नाही!"

"नो वरीज. तुम्ही घ्या, आम्ही थांबतो. फोटोत बाथरूमचा नळ गंजलेला दिसतोय, तेवढा बदलून घ्या."

*

लॅबमधली सुजाता पक्की पुण्याची. फोनमधलं होकायंत्र घेऊन ती घरभर फिरली आणि शेवटी मुख्य दाराशी अडली. "इथे दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून जातो. मग वास्तुशास्त्र सुलट धरायचं की उलट?"

तिने पुण्यातल्या काकांना व्हिडिओ कॉल लावला. काकांनी पंचांग उघडलं, मिटलं. मग म्हणाले, "उजेड येतो ना? मग घ्या!"

आम्ही वसईचे कॅथलिक, पण सगळ्यात मोठ्याने "वाचलो!" मेल्विनच म्हणाला.

*

शनिवारी लिलाव. अंगणात गर्दी, मेल्विनच्या हातात नंबरचं कार्ड, शेजारी वसईहून आलेल्या सासूबाई. आमची बोली सगळ्यात वर होती आणि बँकेची मर्यादा तिथेच संपली होती. लिलाववाला सांगत होता, मालकाला अजून हवेत. पुढे कुणीच बोली वाढवेना. मेल्विनचा चेहरा पडला. मला तर रडूच यायला लागलं, इतकं ते घर माझं झालं होतं.

सासूबाईंनी त्याची बाही ओढली. "नको आपल्याला. चल!"

"मम्मी, हा मासळीबाजार नाही!"

"तू चल तर!"

त्या फाटकाकडे निघाल्याही. त्यांच्या मागे आम्ही दोघं. कोपऱ्यापर्यंत पोहोचतो तोच एजंट धावत सुटला, टाय खांद्यावर उडालेला. "मेट! प्लीज, कम बॅक!"

मेल्विन वळणार, तेवढ्यात सासूबाईंनी त्याचं कोपर घट्ट धरलं.

"मागे बघू नकोस. अजून एकदा हाक मारू दे!"