भोसलेकालीन कूलर

ज्या दिवशी आमच्या घरी कूलर आला, त्याच दिवशी गल्लीच्या तोंडाशी सूचना लागली.

महाल भागातल्या आमच्या गल्लीचं जुनं रूप जपायचं. घरांच्या दर्शनी बाजूला नवं काही लावल्यास उचलून नेण्यात येईल. सोमवारी पालिकेचे साहेब पाहणीला येणार होते. आणि आमचा कूलर पत्र्याचा, पोपटी रंगाचा, दर्शनी खिडकीतून हातभर गल्लीत आलेला!

"मी नाही काढू देणार," माझी बायको सुलू म्हणाली. "लग्न होऊन आली तेव्हापासून चुलीपुढं भाजून राहिली मी. मले हवा पाहिजे, इतिहास नाही!" (मी शाळेत इतिहास शिकवत असे. टोमणा पोचला.)

कूलर तिच्या भावानं, बाळूनं, सावनेरला स्वतःच्या हातानं बनवला होता. "काहून घाबरता भाऊजी? झाकून टाकू!" म्हणत त्यानं आजीच्या मोडक्या पलंगाच्या नक्षीदार फळ्या कूलरला तिन्ही बाजूंनी अशा ठोकल्या, की संध्याकाळी शेजारच्या काकूंनी जाता जाता नमस्कार केला!

सोमवारी साहेब आले. खिडकीखाली थबकले. "हे काय?"

'जुनंच आहे' एवढं म्हणून मी गप्प बसायचं, असं घरात ठरलं होतं. एरवी मी चारचौघांत तोंड उघडत नाही. पण इतिहासाबद्दल कोणी विचारलं, की...!

"गवाक्ष," मी म्हणालो. "भोसलेकालीन."

"पण यातून पाणी ठिबकतंय!" (पंखा बंद केला होता, सकाळचं पाणी बेईमान निघालं.)

"वाळ्याच्या ताट्या भिजवून वारा गार करायची जुनी सोय," मी म्हणालो. सुलूनं माझ्या पायावर पाय दिला. मी भोसल्यांच्या उन्हाळ्यांवर बराच वेळ बोललो.

साहेब गहिवरले. "मास्तर, या गल्लीत जपण्यासारखं हेच एक आहे! याचा खिळासुद्धा हलवायचा नाही."

आठवड्याच्या आत पंप बंद पडला.

दुरुस्त करायचा तर फळ्या काढायला हव्यात, आणि साहेब तर पाहुण्यांना गवाक्ष दाखवायला सारखे येत! "भाऊजी," बाळू म्हणाला, "अजून थोडं बोलले असते तर देऊळ झालं असतं."

पंखा चालत होता, पाणी तेवढं नव्हतं. ते मी घालायचं ठरलं. भर दुपारी डोक्याला ओला पंचा बांधून मी गच्चीच्या कठड्यावरून ताट्यांवर झारीनं पाणी ओतायचो, आणि खाली सुलू गारव्यात पडायची. माझा हात जरा मंदावला, की खालून आवाज यायचा, "अहो, इतिहास जरा जोरात ओता नं!"

ती सूचना आता नाही. साहेब बदलून गेले. गल्लीत सिमेंटची घरं झाली. सुलू गेली. फळ्या काढायला कोणाची मनाई नाही; मी काढल्या नाहीत. पंख्याची मोटरही जळाली. दुपारी मी झारी घेऊन गच्चीवर जातो. कूलर ठिबकतो. खालून कोणी विचारलं, तर सांगतो, भोसलेकालीन आहे.