ढवळ्याचा श्रावण

माजिवड्यातल्या बायजाला सगळं गाव हट्टी म्हणायचं, आणि गाव काही अगदीच खोटं बोलत नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्यानं बजावलं होतं की मिठागरात बायकांनी डोक्यावरून मीठ वाहायचं, फावड्याला हात लावायचा नाही. पुढच्याच महिन्यात नवरा काळुराम पायाला जखम होऊन घरी बसला, तशी ही त्याचं फावडं खांद्यावर टाकून आगरात उतरली आणि त्याच्या वाटणीचं मीठ ओढून मोकळी झाली. सासरा चार दिवस घुश्शात होता. पाचव्या दिवशी त्यानंच तिला पहाटे हाक मारून उठवलं.

अशा बाईच्या हाती साहेबाचं फेरेट पडलं, हे त्या जनावराचं नशीबच म्हणायचं. सासऱ्याच्या माघारी घर भागेना म्हणून ती ठाण्यातल्या एका बंगल्यावर झाडलोटीला जात होती. बंगला गिरणीवरच्या गोऱ्या साहेबाचा. त्यानं विलायतेहून हे एक जनावर आणलेलं. अंगानं मुंगसासारखं लांबट, पण पांढरंफेक, आणि डोळे गुंजेसारखे लाल. तिकडे म्हणे ही जनावरं सशांच्या बिळात सोडतात आणि ससे बाहेर काढतात. इथं साहेब त्याला मांडीवर घेऊन वर्तमानपत्र वाचायचा. त्याच्या अंगाला एक उग्र दर्प होता, त्यामुळे बाकीचे नोकर पिंजऱ्याकडे फिरकत नसत. पिंजरा बायजा साफ करायची. तिनं त्याचं नाव ढवळ्या ठेवलं, आणि ते त्या नावाला ओ द्यायला शिकलं. बिछान्यातून नाक बाहेर काढून तिच्याकडे बघायचं.

एकोणीसशे एकोणपन्नासच्या चैत्रात साहेबानं कायमचं मायदेशी जायचं ठरवलं. सामान बांधून झालं. बोटीवर जनावर नेता येत नव्हतं. साहेब बंदूक साफ करायला बसला तेव्हा बायजानं ओळखलं.

"मना द्या," ती म्हणाली.

साहेबाला मराठी कळत नव्हतं, पण ती पिंजऱ्याला पाठ लावून उभी राहिली, ते त्याला कळलं. मडमेनं एका चिठ्ठीवर ढवळ्याचं खाणं लिहून दिलं आणि डोळे पुसत गाडीत जाऊन बसली.

चिठ्ठी वाचली सहदेव मास्तरांनी. गावच्या शाळेतले हे मास्तर, इंग्रजी येणारे माजिवड्यातले एकटेच. "सकाळी दूध-पाव, संध्याकाळी दूध-पाव," त्यांनी वाचलं. "सोपं आहे की. मडम स्वतः लिहून गेली आहे, त्यात आपण डोकं लावायचं नाही."

आता माजिवड्यातल्या कौलारू घराच्या पडवीत दूध-पाव खाणारं जनावर आलं म्हटल्यावर गावाला चार दिवस दुसरा विषय नव्हता. सासू लक्ष्मीनं नाक मुरडलं. ती तशी वाईट बाई नव्हती, पण घरात पावाची चैन माणसांना नव्हती. बायजानं आपल्या चहातलं दूध तोडलं. वैशाखात ढवळ्या धापा टाकायला लागला तेव्हा तिनं पिंजऱ्यावर ओलं गोणपाट टाकलं आणि दिवसातून सहा वेळा ते भिजवलं. धाप थांबली, पण ढवळ्या वाळतच गेला. त्याला पातळ शौचाला व्हायचं, अंगावरचे केस मुठीत यायचे, आणि मागचे पाय फरफटायला लागले.

बायजा त्याला टोपलीत घालून ठाण्याला ढोरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर प्रामाणिक होता. म्हणाला, "बाई, मी गाई-म्हशी बघतो. असलं जनावर मी जन्मात पाहिलं नाही. मेमसाहेब दूध-पाव सांगून गेल्यात ना? तेच द्या."

परतीच्या वाटेवर बायजा एका वडाखाली बसली. तिला राग आला होता. डॉक्टरचा नाही, स्वतःचा. दोन महिने ती एका कागदाचं ऐकत होती, आणि ज्याच्या तोंडात घास जायचा त्याचं तोंड तिनं एकदाही उघडून बघितलं नव्हतं. तिनं ढवळ्याला मांडीवर घेतलं, अंगठ्यानं त्याचा ओठ वर केला आणि बघतच राहिली. पुढे चार लांब सुळे. मागे दाढा, पण त्याही कात्रीच्या पात्यासारख्या. धान्य दळायला एक सपाट दात नव्हता.

मग तिला एकेक आठवायला लागलं. साहेब रविवारी येऊरच्या डोंगरात शिकारीला जायचा. तितर, ससा, काही ना काही घेऊन यायचा, आणि मागच्या दाराशी बसून आतडी-काळीज ढवळ्यापुढे टाकायचा. मडम त्या वेळी चर्चमध्ये प्रार्थनेला गेलेली असायची. तिनं आयुष्यात त्याला कधी मांस घातलंच नव्हतं, तर ती लिहिणार कुठून? बायजानं चिठ्ठी चुरगळून वडाच्या मुळात टाकली.

त्या दिवसापासून तिनं आपल्या डोळ्यांवर भरवसा ठेवला. आधी चुकलीच. सुकट भिजवून घातली, तर ढवळ्यानं खारटपणानं वाडगंभर पाणी ढोसलं आणि ओकला. कालवणातला मासा घातला, तर तिखटानं त्यानं तोंड जमिनीला घासलं. शिजल्या हाडाचा तुकडा घशात अडकला, तो बायजानं बोट घालून काढला आणि बोट रक्तबंबाळ करून घेतलं. मग तिनं खाडीवरून जिवंत निवटे आणले. खाडीच्या चिखलात उड्या मारतात ते हे बोटभर मासे. ढवळ्यानं एकाचं डोकं धरलं आणि काट्यासकट, आतड्यासकट कराकरा चावून शेपटीपर्यंत संपवला. आठ दिवसांत विष्ठा बांधून आली. आषाढ संपता संपता केस परत आले, आणि गटारीच्या दिवशी साऱ्या गावानं कोंबड्या कापल्या तेव्हा बायजानं दारोदार फिरून मुंडकी, काळजं आणि पायांचे पंजे गोळा केले. बायका हसल्या, पण दिले. ढवळ्या त्या दिवशी पडवीभर नाचला.

आणि दुसऱ्या दिवशी श्रावण लागला.

श्रावण गावात कमीजास्त सगळेच पाळायचे, पण लक्ष्मीचा श्रावण नवसाचा होता. आदल्या वर्षी काळुराम हिवतापानं मरणाच्या दारात जाऊन आला होता. तेव्हा तिनं गावदेवीला हात जोडून शब्द दिला होता की पोर वाचू दे, श्रावणभर माझ्या घरात मासळी येणार नाही, अंडं येणार नाही, जीव मारला जाणार नाही. त्यामुळे उंदरांची सोयही बंद. तसा साहेबाच्या मांडीवर बसून बसून ढवळ्या उंदीर धरायचं विसरलाच होता.

"बायजे, महिनाभर दूध-भात खाईल. मरत नाय काय," लक्ष्मी म्हणाली.

"मरल, आये. मी बघलाय."

"आनि माजा कालू? त्याचं काय झालं तं?"

काळुराम बायजाचाही नवरा होता. मागच्या वर्षी त्याच्या उशाशी तीही बसलेली होती, आणि तो नवस बोलला गेला तेव्हा तिनंही हात जोडले होते. ती म्हणाली, "घरान मासली येनार नाय, आये. वास पन येनार नाय. पन त्याला उपाशी मी नाय मारनार. त्याला बाहेर नेईन."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी दुसऱ्या बंगल्यांवर मिळालेल्या कामांना जायच्या आधी बायजा झाकणाची टोपली डोक्यावर घेऊन, वर इरलं घालून, खारजमिनीच्या बांधावरून मैल-दीड मैल खाडीकडे चालायला लागली. गुडघाभर चिखलात उतरायची, बिळात हात घालून निवटे धरायची, ढवळ्याला तिथंच बांधावर खाऊ घालायची. तो पोटभर खाईपर्यंत पावसात उभी राहायची. मग त्याचं तोंड पुसायची, टोपली खंगाळायची, आणि घरी आल्यावर उंबऱ्याबाहेरच्या दगडावर डोक्यावरून चार घागरी ओतून घेतल्याशिवाय आत पाऊल ठेवायची नाही. लोक चेष्टा करायचे. "बायजा सायबाला न्याहारीला नेते," म्हणायचे. तिनं कानाडोळा केला. लक्ष्मी दारात बसून रोज बघायची. चार घागरींतली एकही कमी होत नव्हती, त्यामुळे तिला बोलायला जागा नव्हती.

दुसऱ्या आठवड्यात काळुराम थंडीनं कुडकुडत आगराच्या बांधाच्या कामावरून घरी आला.

लक्ष्मी काही ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती काळुरामच्या पायाशी बसून रडायला लागली आणि एकदाच म्हणाली, "मी बोललं व्हतं." शेजारच्या बायका आल्या, त्यांनी टोपलीकडे बघून मान फिरवली. सहदेव मास्तर आले. "बायजा, विज्ञान वेगळं, आणि म्हातारीचं मन वेगळं," ते हळू आवाजात म्हणाले. "दोन दिवस थांब."

बायजा थांबली. दोन दिवस ती नवऱ्याच्या कपाळावर पट्ट्या बदलत बसली आणि कोपऱ्यातल्या टोपलीत दूध-भात सरकवत राहिली. दूध-भाताला ढवळ्यानं तोंड लावलं नाही. पहिल्या दिवशी तो आतून ओरबाडत होता. दुसऱ्या दिवशी ओरबाडणं थांबलं. काळुरामचा ताप जिथल्या तिथं होता.

तिसऱ्या सकाळी तिनं पदर खोचला. "आये, दोन दिवस त्याला उपाशी ठेवला. ताप उतरला काय?" तिनं टोपली उचलली. "दवाखान्याच्या कोयनेलनं उतरल तो. वेलेवर गोली दे. मी जाऊन येते." आणि ती गेली. परत आल्यावर चार घागरी ओतून तिनं आधी नवऱ्याच्या छातीवर हात ठेवून श्वास चालू आहे का ते बघितलं. चौथ्या दिवशी गेली, पाचव्या दिवशी गेली. सहाव्या दिवशी काळुरामला दरदरून घाम फुटला, ताप उतरला, आणि त्यानं पेज मागितली.

लक्ष्मीनं पेज भरवली. सुनेकडे पाठ फिरवून बसली.

ताप घरातून गेला मात्र नाही. श्रावणाचे आठ दिवस उरले असताना तो बायजाला धरून बसला. पहिल्या सकाळी ती तशाच अंगानं उठली, टोपली उचलली आणि उंबऱ्यातच कोसळली. काळुरामनं तिला ओढून गोधडीवर निजवलं. पुढचा दिवस कसा गेला तिला कळलं नाही. मधेच जागी झाली की विचारायची, "ढवल्या खाल्ला?" आणि उत्तर ऐकायच्या आत परत ग्लानीत जायची.

शुद्धीवर आली तेव्हा उन्हं कौलांतून आत आली होती. तिनं आधी कोपऱ्याकडे बघितलं. टोपली नव्हती.

"टोपली कुठं हाय?"

काळुराम चुलीपाशी बसला होता, अजून पिवळाच दिसत होता. "सकाली आयेनं उचलली. काय बोलली नाय. मना वाटला, धुवाला नेली."

बायजानं गोधडी भिरकावली. म्हातारीनं डाव साधला. टाकून दिलं असेल त्याला खाडीत, नाहीतर बांधावर सोडून दिलं असेल, घारींनी उचलून न्यायला. इतके दिवस घागरी ओतून घेतल्या, दोघींचा शब्द राखला, आणि शेवटी असं? ती रडत रडत उठली. भिंतीला धरत, पडवीतला खांब धरत बाहेर आली आणि त्या खांबालाच टेकून राहिली, कारण पुढे पाऊल उचलेना.

बांधाच्या वाटेनं लक्ष्मी येत होती. कासोटा मांड्यांपर्यंत खोचलेला, पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं काळे, पांढऱ्या केसांतून पाणी गळतंय, आणि डोक्यावर टोपली. साठीची बाई होती ती. तिनं टोपली अंगणाच्या कडेला ठेवली आणि दगडावर बसून स्वतःवर चार घागरी ओतून घेतल्या. एकही कमी नाही. मग टोपली पडवीत आणून बायजाच्या पायाशी ठेवली.

बायजानं झाकण उचललं. ढवळ्या वेटोळं करून झोपला होता. पोट टम्म फुगलेलं, मिशांना चिखल.

"बिलान हात घालून वाट काय बघतंस," लक्ष्मी केस पिळत म्हणाली. "टाचेनं चिखल दाबायचा, मंग त्यो भायेर येतो. लगीन झालं तवापासून धरते मी."

"आये," बायजा म्हणाली. "तुजा नवस?"

लक्ष्मीनं केसांची गाठ मारली, ओला पदर सरळ केला आणि वाकून टोपलीत नीट बघितलं.

"नवस मी केला, बाय," ती म्हणाली. "त्यानं नाय केला."